दुसरं काही चालू आहे का?

माझ्या मेडिकलच्या काउंटरवर मी दिवसातून पन्नास वेळा एकच प्रश्न विचारते, "दुसरं काही औषध चालू आहे का?" आणि पन्नास वेळा एकच उत्तर येतं, "नाय गं." मग मी विचारते, बीपीची गोळी? "ती होय? ती तर रोजचीच हाय." म्हणजे रोज घेतात म्हणून ते औषध नाही! काय आहे मग ते, भात आहे का? साखरेची गोळी विचारली की "ती मुलानं ठाण्यावरनं आणलेली." ठाण्यावरनं आणली म्हणून तीही औषधात धरायची नाही. अशी माणसं रोज समोर उभी राहतात आणि मी डोकं थंड ठेवून गोळ्या कापून देते. नवरा म्हणतो, अक्षदा, तुझा आवाज फाट्यावरच्या रिक्षा स्टँडपर्यंत ऐकू जातो. जाऊ दे. ऐकू देत त्यांना.

मेडिकल खोपोली-कर्जत रस्त्यावर, आमच्या माहेरच्या गावच्या फाट्याला. गाव आत दहा मिनिटांवर. त्यामुळे येणारं प्रत्येक माणूस एक तर मला लहानपणापासून ओळखतं नाहीतर माझ्या आईला. येसूबाईची अक्षी म्हणून उधारी मागतात ते वेगळंच, पण येसूबाईची अक्षी म्हणून चिठ्ठीशिवाय गोळ्याही मागतात. कपाटावर मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय, 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही.' ते वाचून झालं की म्हणतात, "हां, ते बाहेरच्या लोकांसाठी ना?"

आता ट्रानेक्सामिकचंच घ्या. रक्तस्राव कमी करणारी गोळी. जखमेवर रक्ताची गुठळी धरते ना, ती शरीर आपोआप विरघळवत असतं. ते विरघळणं ही गोळी रोखून धरते, म्हणून गुठळी टिकते आणि रक्त थांबतं. फार कामाचं औषध आहे, मी नाही म्हणतच नाही. माझी चुलत बहीण हर्षला गेल्या वर्षी बाळंत झाली, वार पडली तरी रक्त थांबेना. तिथल्या सिस्टरनं बाकीच्या औषधांबरोबर हेच इंजेक्शन लगेच दिलं. बाळंतपणानंतर हे पहिल्या तीन तासांत द्यायला लागतं, नंतर उपयोग राहत नाही. हर्षला वाचली. आणि मी मूर्ख, आळीत प्रत्येक ओट्यावर बसून सांगत सुटले, "या औषधानं वाचली हो आमची हर्षी!"

झालं. त्यानंतर आळीला तेच एक औषध माहीत. दाढ काढली, द्या ती हर्षलाची गोळी. नाकातून रक्त आलं, द्या हर्षलाची गोळी. कॉलेजच्या दोन पोरी आल्या, गालावरच्या काळ्या डागांसाठी द्या म्हणाल्या, मोबाईलवर बघून. आता डागांसाठीही देतात कधी कधी, पण डॉक्टर आधी विचारतात, घरात कुणाला गुठळीचा त्रास झालाय का, दुसरं काय घेतेस. या पोरींना मी विचारलं तर म्हणतात, "ताई, तुम्ही लई प्रश्न विचारता, आम्ही कर्जतवरनं घेऊ." घ्या! जा!

तर गौरीपूजनाचा दिवस. सकाळी आठाला दुकान अर्धं उघडून मी माहेरी निघाले, कारण यंदा आमच्याकडे ओवसा होता, म्हणजे सुनेनं सुपं भरून गौरीला वाहायची. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच होतो. समीक्षा, माझ्या धाकट्या भावाची, प्रवीणची बायको, लग्नाला तीन वर्षं झाली. तिन्ही वर्षं पूर्वा हुकली. ओवसा नाही म्हणजे गौरीच्या दिवशी ती मागच्या दारात उभी, आणि बाकीच्या सुना सुपं घेऊन पुढे. यंदा पूर्वा आली. आईनं महिनाभर आधीच बुरुडाला सुपं सांगितली, समीक्षाच्या माहेरून नऊवारी आली, प्रवीणनं कंपनीतून सुट्टी घेतली. सगळं जमलं होतं.

मी घरात शिरले तर मधल्या खोलीत चांगोकाका बसलेले. आमच्या गावात लचक भरली, शीर चढली की चांगोकाका. वाटीत तेल कोमट करून ठेवलेलं, आणि समीक्षा नऊवारी पोटरीपर्यंत वर घेऊन चटईवर. डावा पाय पुढे.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाय गं," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "चार दिस उभी हाय चुलीपाशी, शीर धरलीय. चांगोकाका दोन हात मारतील की झालं. अकराला सुपं भरायचीत."

मी वाकून पाय बघितला. डावी पोटरी ताणलेली, चकाकणारी, लालसर. हात ठेवला तर गरम. उजवी नेहमीसारखी. शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. डावी चार सेंटिमीटर जास्त. शीर धरली की पाय दुखतो, चार सेंटिमीटर फुगत नाही.

"काका, हात लावू नका."

"का गं? साठ वर्षं हेच करतोय मी."

"साठ वर्षं करताय ना, मग एक दिवस करू नका! आत गुठळी असली आणि तुम्ही चोळलीत तर ती सुटून वर छातीत जाईल. माणूस जागच्या जागी जातं काका."

काकांनी वाटी बाजूला ठेवली, पण तोंड असं केलं की जणू मी त्यांच्या सात पिढ्यांचा अपमान केला. आई पळी घेऊनच बाहेर आली. "अक्षे, सणाच्या दिवशी काय अभद्र बोलतेस? पोर सत्तावीस वर्षांची हाय. गुठळ्या म्हाताऱ्यांना होतात."

"समीक्षा," मी तिच्याजवळ बसले, "दम लागतो का?"

"थोडासा. सकाळी पाणी वर नेताना लागला. उपास आहे ना ताई, म्हणून असेल."

सगळ्याला यांच्याकडे कारण तयार! पाय उभं राहिल्यामुळे, दम उपासामुळे, आणि छातीत दुखलं असतं तर म्हणाले असते नऊवारी घट्ट झाली. मी प्रवीणला हाक मारली. तो मागे केळीची पानं कापत होता. गाडी काढ म्हटलं तर आधी आईकडे बघतो. "ताई, अकराचाच प्रश्न आहे ना. ओवसा झाला की लगेच नेऊ. अडीच तासांनी काय फरक पडतो?"

"मी सांगू काय फरक पडतो?" मी अशी ओरडले की शेजारच्या येऊन दारात उभ्या राहिल्या. "बायको राहते का जाते एवढाच फरक पडतो! चावी दे, नाहीतर मी रिक्षा बोलावते!"

गाडीत बसताना समीक्षा रडायला लागली. पायामुळे नाही. "ताई, परत पूर्वा कधी येईल?" तिच्या केसांत गजरा, कपाळाला मळवट, आणि विचारते काय तर पूर्वा. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि कानाखालीही द्यावीशी वाटली, दोन्ही एकदम.

पण गाडी फाटा ओलांडून खोपोलीकडे लागली आणि मला माझा काउंटर आठवला. दहा दिवसांपूर्वी हीच समीक्षा तिथे आली होती. तिची पाळी आठ-आठ दिवस चालते, अंगावरून खूप जातं, रक्त आठवर आलेलं. तिच्या बाईडॉक्टरनं वर्षापूर्वी ट्रानेक्सामिक लिहून दिली होती, फक्त जास्त जाईल त्या दिवसांत, पाच दिवसांच्या वर नाही. जुनी चिठ्ठी दाखवून म्हणाली, "संपल्यात ताई, घरात असाव्यात म्हणून." आणि मी विचारलं होतं, "दुसरं काही औषध चालू आहे का?" ती म्हणाली, "नाही ताई." मी दिल्या.

"समीक्षा, त्या गोळ्या घेतल्यास का तू?"

 आई पुढच्या सीटवरून म्हणाली, "कुठल्या गोळ्या? काय घेत नाय ती. तू गाडीत डोकं नको खाऊ तिचं."

"आई, मी तिला विचारतेय!"

समीक्षा हळूच म्हणाली, "गणपतीच्या दिवसापासून घेते."

"म्हणजे पाळी आलेली? आणि तू ओवशाला बसणार होतीस?"

"नाही हो, आली नाही. नुसता डाग लागला होता."

डाग लागला होता! पाळीची तारीख गणपतीच्या आदल्या दिवशी, पाळी नाही, नुसता डाग. माझ्यासारख्या मेडिकलवालीला तिथेच कळायला हवं होतं. पण मी चिडलेली होते, प्रवीण खड्डे चुकवत गाडी मारत होता, पुढे गणपतीच्या गर्दीचा जाम, आणि मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीण होती. पाय बघितला, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला आणि लगेच पायाची सोनोग्राफी आणि छातीचं सीटी सांगितलं. पोटरीपासून मांडीपर्यंत गुठळी, आणि तिचे लहान तुकडे उजव्या फुप्फुसात गेलेले. डॉक्टरीण बाहेर येऊन म्हणाली, "वेळेत आणलंत. कुणी चोळलं नाही ना पायाला?"

"नाही," मी म्हणाले. प्रवीणनं भिंतीला डोकं टेकवलं. अडीच तास म्हणणारा हाच तो.

"रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू करतेय. पण त्याआधी मला सगळं खरं हवंय. कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"कायपण नाय डॉक्टर," आई म्हणाली. ठाम. देवासमोर बोलावं तशी.

"ट्रानेक्सामिक," मी म्हणाले. "पाचशेची. दोन-दोन, दिवसातून तीनदा, चार दिवस. माझ्याच मेडिकलमधून. चिठ्ठी वर्षापूर्वीची होती."

डॉक्टरीण लिहू लागली. "ही चांगली गोळी आहे. नेमून दिलेल्या दिवसांत घेतली, आधी कधी गुठळी झालेली नसली, तर बहुतेकींना काही होत नाही. नुसत्या हिच्यानं एवढं झालं असेल असं मला वाटत नाही. हार्मोनचं काही चालू आहे का? गर्भनिरोधक? पाळी लांबवायची गोळी?"

समीक्षा पडल्या पडल्या आईकडे बघत होती. आई छताकडे. मला तेव्हा कळलं आणि माझा पारा असा चढला की सांगता सोय नाही.

"आई, काय दिलंस हिला?"

"ती औषधं थोडीच हायत? ती आपली नेमाची गोळी. सगळ्या घेतात सणाला, तुला काय म्हायत नाय?"

"मी दहा दिवसांपूर्वी हिला विचारलं, दुसरं काही चालू आहे का! हिनं नाही म्हणून सांगितलं!"

"तुम्ही औषधाचं विचारलंत ताई," समीक्षा म्हणाली. तिला बोलताना दम लागत होता. "आजाराचं विचारलंत ना. मला वाटलं, ही आजाराची नाही. देवाची आहे."

देवाची! मी कपाळावर हात मारून घेतला. बारा दिवस पाळी लांबवायची हार्मोनची गोळी दिवसातून तीनदा. तरी डाग लागला, तर घाबरून वरून ट्रानेक्सामिक. एकीनं आधीच गुठळीचा धोका वाढवलेला, आणि दुसरी झालेली गुठळी विरघळू देत नाही. त्यात उपास, कमी पाणी, दिवसभर चुलीपाशी. आणि मला यातलं कुणीच काही सांगायचं नाही, कारण पाळीबद्दल बोलायचं नाही! सुनेनं सासूला सांगायचं, सासूनं डब्यातून गोळी काढून द्यायची, आणि दोघींनी गप्प. बारा दिवस गप्प! घरात मेडिकलवाली पोर असून गप्प!

"कुठल्या गोळ्या ते दाखवा," डॉक्टरीण आईला म्हणाली. "मला नाव आणि पॉवर बघायचीय. आजी, मी कुणाला ओरडणार नाही."

आईनं कमरेचा बटवा काढला. त्यात कुंकवाची जुनी पितळी डबी. तिच्यात गोळ्यांच्या पट्ट्यांचे कापलेले तुकडे, वर रबर लावलेलं. डॉक्टरिणीनं एक तुकडा उलटा करून बघितला. मागच्या रुपेरी कागदावर निळ्या पेनानं लिहिलं होतं, १-१-१, जेवणानंतर. आणि भोवती गोल.

मी गोल काढते. कॉलेजपासून सवय आहे. म्हाताऱ्या माणसांना आकडे नीट दिसावेत म्हणून डोसाभोवती गोल.

"हे कुणी लिहून दिलं?" डॉक्टरिणीनं विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "श्रावणात नाय का गं मी दोन पाकिटं नेली? तुझ्याकडे तवा गर्दी होती. आळीतल्या बायांना लागतात म्हटलं. तू म्हणालीस, ने, काय होत नाय, सगळ्या घेतात."

मला आठवलं. गर्दी होती. एक माणूस साप चावल्याचं औषध विचारत होता, एका बाईला सुट्टे हवे होते, आणि आई समोर. मी कपाटातून पाकिटं काढली, पट्ट्यांवर डोस लिहिले, गोल काढले आणि म्हटलं, काय होत नाही. कुणासाठी, किती दिवस, दुसरं काही चालू आहे का, काहीच नाही. पन्नास माणसांना विचारते तो प्रश्न आईला विचारला नाही. कारण आई होती.

"माझं अक्षर आहे," मी डॉक्टरिणीला म्हणाले. "मी फार्मासिस्ट आहे. मीच दिल्या, चिठ्ठीशिवाय. तिची नणंद आहे मी."

डॉक्टरिणीनं मान वर करून मला एकदा बघितलं, लिहिलं, आणि आत गेली. मला वाटत होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

इंजेक्शन सुरू झालं. नाकात ऑक्सिजनची नळी. मळवट पुसायला सिस्टर आली तर समीक्षानं मान फिरवली, मग सिस्टरनं राहू दिला. डॉक्टरीण म्हणाली, सहा महिने गोळ्या चालतील, आता धोका कमी होत जाईल, पण दोन दिवस आम्ही डोळ्यात तेल घालून बघणार. पाळीचा त्रास वाढेल, त्याचं वेगळं बघू, आणि इथून पुढे हार्मोनची गोळी बंद. मी समीक्षाच्या उशाशी बसले. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायचं तरी कुणावर?

"ताई," ती म्हणाली, "आईंना बोलू नका. त्यांनी माझ्या भल्यासाठीच दिल्या."

"गप पड तू."

आई बाकावर बसली होती, डबी मांडीवर. मी तिच्या शेजारी बसले आणि डबी हातात घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन पाकिटं नेली होती. समीक्षाच्या बारा दिवसांना एक पाकीट नि वर थोडंसं लागलं, दुसऱ्या पाकिटातलं उरायला हवं होतं. डबीत तर तेवढे तुकडे नव्हते.

"आई, बाकीच्या कुठे गेल्या?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. "वाटल्या. कोंडाजीच्या सुनेला, अंबाबाईच्या दोघींना. पूर्वा हाय ना यंदा. सगळ्यांचा ओवसा." मग माझा हात धरला.  "आणि अक्षे, तुझी ती हर्षलाची गोळीपण घ्या म्हटलं मी. समीक्षेला डाग लागला तवा तिघींनापण सांगितलं. दोन घेतल्या की पक्कं होतं म्हटलं. त्यांच्याकडे हायत घरात, तूच दिलेल्या."

दोन्ही घरी फोन लावले, सणाच्या गडबडीत कुणी उचलेना. प्रवीणकडून चावी घेतली. गाडी मला नीट चालवता येत नाही, तरी खोपोलीतून गावापर्यंत कशी नेली ते माझं मला माहीत. रस्ताभर मी मोठमोठ्यानं शिव्या देत होते, आणि एकही दुसऱ्या कुणाला नव्हती. आळीत शिरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. घराघरात गौर बसलेली, ओट्यावर रांगोळीची पावलं, आतून ढोलकी आणि फेराची गाणी. मी चपला न काढता कोंडाजीकाकांच्या ओट्यावर चढले, रांगोळीवरूनच. दारातल्या बायका ओरडल्या, "अगो, पावलं पुसलीस!" आत त्यांची सून गौरीपुढे बसलेली, नाकात नथ, पुढ्यात भरलेली सुपं.

ढोलकी थांबली. तिची सासू हसत उठली, करंडा पुढे केला. "ये गं अक्षदा, हळदीकुंकू घे. समीक्षा बरी हाय ना? काय झालं तिला?"

"तिनं गोळ्या घेतल्या होत्या," मी सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, "पाळी लांबवायची आणि रक्त थांबवायची, दोन्ही. दोन्ही मी दिल्या होत्या. तुमच्या घरातही मीच दिल्यात." मग तिच्या सुनेसमोर जमिनीवर बसले. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नथीचा मोती हलत होता.

"हळदीकुंकू नंतर," मी म्हणाले. "आधी पाय दाखव."